दमा, दोन पंप आणि खिशातला मोबाईल

मागच्या डिसेंबरात मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "निळा पंप किती वेळा लागतो?" आणि मी गेली कैक वर्षं देत आलोय तेच उत्तर दिलं, "कधीमधी, लागला तरच." मॅडम दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मेडिकलचे पैसे फोनवरनंच देता ना? हिस्ट्री उघडा बघू." उघडली. तेच दुकान, तोच आकडा, जानेवारी, मार्च, एप्रिल, जून असं करत वर्षात सात वेळा. एका निळ्या पंपात, म्हणजे दम लागल्यावर ओढायच्या इन्हेलरमध्ये, २०० पफ असतात, एकदा दाबलं की एक पफ. मॅडमनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर ७ गुणिले २०० केलं आणि तो माझ्याकडं फिरवला. १४००. म्हणजे दिवसाला जवळपास चार. "ह्याला तुमच्या पलूसला कधीमधी म्हणतात का?"

मी पतसंस्थेत कामाला आहे. लोकांचा एक हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी माझा फोन जातो. आणि स्वतःच्या छातीचा हिशेब हा असा.

तर तेव्हापासून मी आणि आई (दमा तिच्याकडनंच आलाय वारशात, शेती धाकट्याला आणि दमा मला) दोघांचं एक तंत्र बसवलंय, त्यात महागडं काही नाही, फोन तुमच्याकडं आहेच. परदेशात पंपाला सेन्सर बसवतात, दाबला की ॲपमध्ये आपोआप नोंद होते, आपल्याकडं मेडिकलात जाऊन तसलं मागितलं तर दुकानदार तोंडाकडं बघत बसेल. त्याची वाट बघायची गरज नाही. आणि मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, डोस कमी-जास्त करायचा निर्णय माझं वाचून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी कागद, मग ॲप

फोनमध्ये काही टाकायच्या आधी डॉक्टरांकडनं एक कागद लिहून घ्या. रोज काय घ्यायचं, त्रास वाढला तर काय वाढवायचं आणि कधी थेट दवाखाना गाठायचा, तीन ओळी. त्याला ॲक्शन प्लॅन म्हणतात. बरेच डॉक्टर गर्दीत ते तोंडी सांगतात आणि आपण मान डोलावून बाहेर येतो, गेटपाशी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. मागा, देतात. त्याचा फोटो काढा आणि गॅलरीत चार हजार गुड मॉर्निंगच्या खाली गाडून ठेवू नका, फेव्हरिटमध्ये टाका, घरातल्या ग्रुपवर पिन करा. पोराला दमा असेल तर वर्गशिक्षकांनाही पाठवा.

त्याच वेळी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण इथंच निम्म्या लोकांचा घोळ होतो. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, हा दम लागल्यावरचा. आवळलेल्या श्वासनळ्या तो काही मिनिटांत सैल करतो, पण आतली सूज त्याला कमी करता येत नाही. सूज कमी करतो तो रोजचा स्टिरॉइडवाला पंप, आणि त्याचा गुण यायला दिवस-आठवडे लागतात, म्हणून लोकांना वाटतं ह्याचा काही उपयोग नाही, आणि तो सोडून निळ्यावर दिवस काढतात. मीही तेच करत होतो. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणारी जिना म्हणून संस्था आहे, त्यांनी २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय. वर्षात तीन किंवा जास्त निळे पंप संपले तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, आणि बारा, म्हणजे महिन्याला एक, तर जिवावरचं काम. माझे सात.

काही डॉक्टर आता एकच पंप देतात, रोजचाही तोच आणि दम लागल्यावरचाही तोच, त्यावर फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर दिवसात जास्तीत जास्त किती पफ चालतील तो आकडा प्लॅनवर लिहून घ्या. आणि "पंपाची सवय लागते" म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट छातीत जातं, गोळ्या-इंजेक्शनपेक्षा कितीतरी कमी. काकांना चहा द्या.

अलार्म

सगळ्यात साधी गोष्ट आणि सगळ्यात जास्त फरक हिनंच पडला. रोजच्या पंपाचे दोन अलार्म, सकाळी साडेसहा आणि रात्री नऊ (तुमचा दिवसातनं एकदाच असेल तर एकच). अलार्मला "औषध" असं नाव देऊ नका, चार दिवसांनी बोट आपोआप बंद करायला लागतं. माझ्या सकाळच्या अलार्मचं नाव "पंप, चूळ, मग चहा" आहे. चूळ महत्त्वाची, स्टिरॉइडचा पंप घेऊन चूळ नाही भरली तर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. म्हणून पंप ब्रशच्या स्टँडमध्येच ठेवा, पंप घेतला की ब्रश, चूळ आपोआपच होते. स्नूझ बंद करून टाका. स्नूझ म्हणजे आपल्याकडचा "बघू, उद्या देतो".

निळ्याची वही

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. निळा पंप घेतला की तिथंच टाकायचं "नि २", म्हणजे निळा, दोन पफ. बस. वेळ-तारीख फोन स्वतः टाकतो. रात्री उठून घ्यावा लागला तर "नि २ रात्र". कारण कळत असेल तर एक शब्द पुढं, "पाचट" (उसाचा वाळका पाला, शेतात जाळतात), "जिना चढलो", "सर्दी". रेंज नसली तरी चालतं, मेसेज घड्याळाच्या खुणेसह पडून राहतो आणि नंतर जातो. महिन्याच्या शेवटी त्या चॅटमध्ये "नि" शोधलं की सगळं समोर.

आईला टायपिंग येत नाही, तर तिला व्हॉइस मेसेज शिकवला. आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी पावणेपाचला तिचा आवाज येतो, "दोन घेतले रे, रात्री दोनला पण घेतले, आता बरंय, दूधवाला आलाय." दूधवाल्याचं कळून मला करायचं काय, पण त्यावरनं कळलं की ती आठवड्यातनं तीन रात्री उठतेय आणि विचारलं की म्हणते "झोप मस्त लागते". दम्यात रात्री उठावं लागणं ही वाईट खूण, एक रात्र सुद्धा नोंदवण्यासारखी.

बाजारात दम्याची ॲपं पण आहेत, रंगीत आलेख काढून देतात. वापरायची तर वापरा, पण आधी बघा की ते परवानगी कशाकशाची मागतंय. पंपाची नोंद ठेवायला कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला लागते? आणि ज्या ॲपमध्ये वा व्हिडिओत "दमा मुळापासून बरा, पंप फेकून द्या" लिहिलंय ते त्याच क्षणी काढून टाका. दमा आटोक्यात राहतो, अगदी धावण्याच्या शर्यतीत उतरण्याइतका, पण पंप फेकून नाही.

पंपात किती उरलंय ते कळायला काही पंपांवर आकडा असतो. नसेल तर नवा पंप उघडला त्या दिवशी त्यावर स्केच पेननं तारीख टाका आणि फोटो काढा, बाकी हिशेब चॅटमधला. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघायची जुनी पद्धत सोडा, ती चुकते, आणि औषध संपलं तरी आतला गॅस फुस्स करत राहतो. ऐन वेळी हवा मिळते नुसती.

फुंकायचं मीटर

पीक फ्लो मीटर म्हणजे एक प्लॅस्टिकची नळी, आत काटा सरकतो, काही शे रुपयांत मिळते. ब्लूटूथवाली पण येतात, घ्यायचीच असं नाही. ही चीज म्हणजे छातीचा थर्मामीटर. आपल्याला दम लागल्याचं जाणवायच्या आधी एखाद-दोन दिवस आकडा खाली यायला लागतो, आणि माझ्यासारखा, ज्याला अर्ध्या दमावर जगायची सवय झालीय, त्याला तर आकडाच सांगतो.

पद्धत अशी. उभं राहायचं. काटा शून्यावर. पूर्ण श्वास आत. तोंडात नळी, ओठ गच्च, जीभ नळीच्या आड नको. आणि एकदम जोरात, एका झटक्यात फुंकायचं. आई पहिल्यांदा चूल फुंकल्यासारखं लांबलचक फुंकत होती, तसं नाही, सगळा जोर पहिल्या क्षणात. तीन वेळा करायचं आणि तिन्हीतला मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, पंप घ्यायच्या आधी. मीटर नेहमी तेच, माझं आणि शेजारच्यांचं मीटर दोन वेगळे आकडे दाखवू शकतं. पाच वर्षांखालच्या पोरांना हे जमत नाही, त्यांच्यात नोंदी लक्षणांच्याच.

दमा आटोक्यात असतानाचे दोन आठवडे असं करा, त्यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमचा स्वतःचा बेस्ट. तक्त्यातला सरासरी आकडा नाही, तुमचा. माझा ४२०. त्याच्या ८० टक्के ३३६, आणि ५० टक्के २१०. ३३६ च्या वर हिरवा, चालू आहे तेच चालू द्या. २१० ते ३३६ पिवळा, प्लॅनवर पिवळ्यापुढं जे लिहिलंय ते करा आणि डॉक्टरांना कळवा. २१० च्या खाली तांबडा, निळा पंप घ्यायचा आणि दवाखान्याच्या वाटेला लागायचं, दुपारपर्यंत बघू म्हणायचं नाही.

मी ते गूगल शीटमध्ये टाकतो. तारीख, सकाळ, संध्याकाळ, तीनच रकाने. त्यात कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणून सोय आहे, २१० पेक्षा कमी आकडा टाकला की चौकोन तांबडा, ३३६ पेक्षा कमी की पिवळा. तांबड्याचा नियम वर ठेवा, नाहीतर तांबडं पण पिवळंच दिसतं, मी आठवडाभर डोकं आपटलंय त्यावर. शीट जमत नसेल तर वहीत लिहून महिन्याला फोटो काढा, काही अडत नाही. शीटचा फायदा एवढाच की सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा ह्यांच्यातलं अंतर वाढायला लागलं की डोळ्याला लगेच दिसतं, आणि ते अंतर वाढणं म्हणजे आतनं दमा खवळायला लागल्याची खूण.

स्वतःचा व्हिडिओ काढा, हसू नका

हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवा, पंप घेतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढा, बाजूनं, तोंड आणि हात दोन्ही दिसतील असा. आईचा मी स्लो मोशनमध्ये काढला. आणि बघतो तर पंप दाबला आणि ओठाच्या कोपऱ्यातनं पांढरा धूर अगरबत्तीसारखा वर चाललाय, थोडा नाकातनं पण. निम्मं औषध स्वयंपाकघराच्या छताला. "आई, पंप घेतेयस का देवाला ओवाळतेयस?" तिनं तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाली, "दहा वर्षं झाली, मला कुणी सांगितलंच नाही की असं." खरंय, कुणी बघितलंच नव्हतं.

व्हिडिओत काय बघायचं? पंप हलवला का. आधी पूर्ण श्वास बाहेर सोडला का, पंपात नाही, बाहेर. ओठ गच्च. श्वास हळू आत घ्यायला लागलं आणि मग दाबलं, आधी दाबून मग ओढलं असं नाही. दहा मोजेपर्यंत रोखला. दुसरा पफ अर्धा-एक मिनिटानं, टकाटक दोन नाही. हे सगळं एकाच वेळी जमणं अवघड आहे, म्हणून स्पेसर घ्या, तो प्लॅस्टिकचा फुगा, त्यात पफ सोडायचा आणि सावकाश ओढायचा. स्पेसरनं छातीत जास्त जातं, घशात कमी चिकटतं. मोठ्या माणसांना लाज वाटते, लहान पोरांचं वाटतं ते. घरात कोण बघतंय?

कॅप्सूल टाकून ओढायचं उपकरण असेल, रोटाहेलर वगैरे, तर उलटं. तिथं जोरात आणि खोल ओढावं लागतं, आणि त्यात फुंकायचं अजिबात नाही, पावडर ओली होते. घरात एकाचा पंप आणि एकाचं रोटाहेलर असेल तर हमखास एकमेकांची पद्धत उचलली जाते, आमच्याकडं तसंच झालं होतं.

मग तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. व्हॉट्सॲपवर चालत असेल तर पाठवा, नसेल तर पुढच्या खेपेला. दर दोन-तीन महिन्यांनी परत काढा, हात परत जुन्या सवयीवर जातो.

हवा

केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर म्हणून ॲप आहे, त्यात शहरांचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा दिसतो, जास्त तितकी वाईट. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम. आता मध्यम म्हणलं की आपल्याला वाटतं ठीक आहे, पण त्या मध्यमच्याच वर्णनात लिहिलंय की दम्यासारखा आजार असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. म्हणजे आपला धोका १०१ ला सुरू होतो, बातमीत येतो तेव्हा नाही. आणि आपली हवा महाबळेश्वरसारखी आहे अशा भ्रमात राहू नका, २०१९ साली केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला त्यातल्या शहरांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आपल्या सांगलीचं नाव आहे.

पण ॲपवर डोळे झाकून विसंबू नका. एकतर यंत्र असतं शहरात, आणि तुम्ही असता पंधरा-वीस किलोमीटरवर उसात. दुसरं, धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. संध्याकाळी सहाला बांधाशेजारच्यानं पाचट पेटवलं तर ते समीरला कुठनं कळणार? नाकाला कळतं. गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर कारखान्याची काजळी पडलेली दिसते ती ॲपच्या आधी दिसते.

म्हणून मी उलटं केलं, फोनच्या कॅलेंडरमध्ये आपल्या भागाचं दम्याचं वर्षच टाकून ठेवलं. दिवाळीच्या आधी घरझाडणी आणि चुना, मग फटाके, मग गळीत हंगाम सुरू, पाचट, गुऱ्हाळाचा धूर. पौषात पालीच्या खंडोबाची जत्रा, भंडाऱ्यानं माणूस पिवळा होतो आणि भंडारा म्हणजे हळदीची बारीक भुकटीच. सांगलीत हळदीचे सौदे, पेठेतनं गेलं तरी खोकला. द्राक्षाचा बेदाणा करताना गंधकाची धुरी, त्यातला सल्फर डायऑक्साइड दम्याच्या माणसाची छाती लगेच आवळतो, तिथनं चार हात लांबच. पावसाळ्यात गाजर गवत माजतं, भिंतींना बुरशी. गणपतीत गुलाल. वाईच्या मावशीचं वेगळंच, तिला थंडीतलं पहाटेचं धुकं बाधतं, गुलालाचं काही नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून ते "नि २" च्या पुढचे शब्द कामाला येतात. माझ्या चॅटमध्ये "पाचट" अकरा वेळा आणि "धूळ" दोन वेळा आलं, आणि मी वर्षानुवर्षं धुळीलाच शिव्या देत होतो.

त्या तारखांच्या आठ-पंधरा दिवस आधी कॅलेंडर मला एक ओळ दाखवतं: रोजचा पंप चुकतोय का बघ, निळा भरलेला आहे का बघ. एवढंच. रुमाल बांधून धूर थांबत नाही बरं का, एन ९५ मास्क बारीक कण अडवतो, वायू मात्र तोही अडवत नाही.

वळवाचं पण एक आहे. २१ नोव्हेंबर २०१६ ला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला वादळी पाऊस आला आणि पुढच्या तीस तासांत हजारो माणसं दम लागून दवाखान्यात पोचली, दहा माणसं गेली. गवताचे परागकण ओलाव्यानं फुगून फुटतात, त्यांचे बारीक तुकडे वाऱ्याबरोबर खाली येतात आणि खोल छातीत जातात. आईच्या व्हॉइस मेसेजमध्येही वळवाच्या रात्री दोनदा सापडल्या. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. आम्ही ते खिडक्या लावायला वापरतो.

ऑक्सिमीटर आणि घड्याळ

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर प्रत्येक कपाटात आहे. तो वापरा, पण त्याच्या भरवशावर गाफील राहू नका. दम्याच्या अटॅकमध्ये ऑक्सिजन शेवटी शेवटी पडतो. माणूस धापा टाकतोय, बोलता येत नाही आणि बोटावर ९६ दिसतंय म्हणून घरीच थांबणं, ही चूक आमच्या ओळखीत झालेली आहे. आकडा कमी आला, ९२ च्या खाली, तर निघायचंच. चांगला आला तरी माणसाकडं बघायचं. बोट गार असलं किंवा नेलपॉलिश असलं तर आकडा चुकतो. हातातल्या स्मार्ट घड्याळातला ऑक्सिजन त्याहून कच्चा. आणि फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲपं, ती तर निव्वळ फसवणूक समजा.

फोनवरचे डॉक्टर

सरकारचं ई-संजीवनी आहे, व्हिडिओवर डॉक्टर, फुकट. पंप संपत आलाय, चिठ्ठी जुनी झालीय, पिवळ्यात दोन दिवस झालेत, अशा कामाला चांगलं. फोन लावायच्या आधी हाताशी ठेवा: सध्याच्या पंपांचा फोटो नावासकट, पीक फ्लोचा शेवटच्या दोन आठवड्यांचा स्क्रीनशॉट, महिन्यातल्या "नि" ची बेरीज. डॉक्टर पाच मिनिटं देणार, त्यातली तीन "तो हा, गोल झाकणाचा पंप" सांगण्यात जाऊ नयेत. आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, काढून ठेवा, चौदा आकडी असतो, रिपोर्ट त्याला जोडून ठेवता येतात, स्पायरोमेट्रीचे (मशीनवर फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीचे) जुने कागद उंदरांनी खाल्ले की किंमत कळते.

डॉक्टरांकडं जायच्या आदल्या दिवशी ॲस्थमा कंट्रोल टेस्टचे पाच प्रश्न सोडवा. गेल्या चार आठवड्यांत कामात किती अडथळा आला, दम किती वेळा लागला, रात्री किती वेळा उठलात, निळा पंप किती वेळा, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण २५. २० किंवा वर म्हणजे आटोक्यात, १९ आणि खाली म्हणजे नाही. डिसेंबरात माझे १३ आले होते, आणि मी म्हणत होतो कधीमधी.

व्हिडिओवर डॉक्टरला छाती ऐकता येत नाही. म्हणून खालचं काही असेल तर व्हिडिओ नाही, गाडी.

तांबडं

एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येत नाही, ओठ-नखं निळी पडलीत, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, निळा पंप घेऊनही फरक नाही किंवा तासा-दोन तासांत परत लागतोय, माणूस गुंगीत चाललाय. आणि एक फसवी खूण, छातीतला सूं सूं आवाज एकदम बंद होतो पण धाप तशीच, तेव्हा बरं वाटलं समजू नका, हवाच फिरत नाही म्हणून आवाज नाही.

१०८ लावा. लाइव्ह लोकेशन घरातल्या जवळच्या माणसाला पाठवा, वस्तीवरच्या घराचा पत्ता "पाण्याच्या टाकीपासनं डावीकडं" असा सांगण्यात वेळ जातो, कुणीतरी रस्त्यावर उभं राहिलेलं बरं. माणसाला बसतं ठेवा, थोडं पुढं वाकून, आडवं नका करू. आपल्याकडं लगेच झोपवतात आणि भोवती सोळा माणसं उभी राहतात. निळा पंप स्पेसरमधनं, एक पफ, त्यात चार-सहा श्वास, मग दुसरा, असे ४ ते १०. गाडी आली नाही आणि फरक नाही तर वीस मिनिटांनी परत. तुमच्या प्लॅनवर वेगळं लिहिलं असेल तर प्लॅनवरचं. आणि "वाफ द्यायचं मशीन कुठंय, लाइट आली का" ह्यात थांबू नका, स्पेसरमधनं नीट दिलेला पंप साध्या-मध्यम अटॅकला वाफेइतकाच चालतो, आणि त्याला लाइट लागत नाही.

फोनच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती टाकायची सोय असते, कुलूप न उघडता दिसते. तिथं लिहा: दमा, पंपांची नावं, घरच्या दोन माणसांचे नंबर. पेनकिलरनं दम वाढतो का तेही, काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेननं जोरदार अटॅक येतो, आणि अनोळखी दवाखान्यात ते कुणाला ठाऊक नसतं.

राहिलं एक. मेमध्ये मी नवा फोन घेतला, सगळं बॅकअप झालं, फोटो आले, चॅट आलं, लोकांचे गुड मॉर्निंग सुद्धा आले. अलार्म आले नाहीत. मला कळलं आठव्या दिवशी, सकाळचा चौकोन पिवळा झाल्यावर. नवा फोन घेतला की सिम घातल्या घातल्या आधी अलार्म लावा, वॉलपेपर नंतर.